आधी रिझर्व्हेशनचा फोन, मग मार्केटिंग

रविवारची सकाळ, साडेआठची वेळ. लॉबीतले तिन्ही सोफे भरलेले. पाच-सहा वर्षांचा एक मुलगा सूटकेसवर डोकं टेकून झोपला होता. त्याच्या आईच्या हातात मोबाइल होता आणि मोबाइलवर आमच्या हॉटेलची पोस्ट: 'या वीकेंडला चेक-इन सकाळी आठपासून, जादा शुल्क नाही.' ती पोस्ट मी लिहिली होती. कॉलेज संपून मला चार महिने झाले होते, हुद्दा मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह. शुक्रवारी संध्याकाळी पोस्ट टाकली आणि शनिवारी दिवसभर लाइक मोजत बसले. शनिवारी रात्री हॉटेल पूर्ण भरणार आहे, हे मला ठाऊक नव्हतं. पोस्ट टाकण्याआधी ते विचारायचं असतं, हेही ठाऊक नव्हतं.

रात्री हॉटेल पूर्ण भरलेलं असेल तर सकाळी आठला द्यायला एकही खोली नसते. आदल्या रात्रीचे पाहुणे अकरा-बारापर्यंत निघतात. मग चादरी, टॉवेल, बाथरूम, फरशी, मिनीबार, आणि शेवटी सुपरवायझरची तपासणी. हाउसकीपिंगची एक व्यक्ती एका शिफ्टमध्ये साधारण १४-१५ खोल्या करते. चेक-इनची वेळ दुपारी दोन-तीनची असते ती या हिशोबामुळे. त्या सकाळी काउंटरवर माझ्याच वयाची एक मुलगी उभी होती. ती एकेका कुटुंबाची माफी मागत होती, चहा-कॉफी मागवत होती, सामान ठेवून घेत होती. ज्या वाक्याची ती माफी मागत होती ते वाक्य तिनं पाहुण्यांच्याच मोबाइलवर पहिल्यांदा वाचलं.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. त्यानंतर मी अनेक हॉटेलांचं मार्केटिंग केलं, नव्या मुलामुलींच्या मुलाखती घेतल्या, त्यांना शिकवलं. या सगळ्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. पदवी घेऊन हॉटेलच्या मार्केटिंगमध्ये येणाऱ्या प्रत्येकाचे पहिले सहा महिने मुख्यतः रिझर्व्हेशन, फ्रंट ऑफिस (म्हणजे लॉबीतलं काउंटर) आणि हाउसकीपिंगमध्ये गेले पाहिजेत. पूर्ण पगारावर, आणि मार्केटिंगमध्ये परतण्याची तारीख नेमणूकपत्रात लिहून. मुलांनी आवड म्हणून हे करावं, एवढंच माझं म्हणणं नाही. ही हॉटेलांची जबाबदारी आहे आणि कॉलेजांचीही आहे. आज दोघंही ती टाळत आहेत.

सध्या काय चालतं ते कोणत्याही नोकरीच्या जाहिरातीत दिसतं. 'हॉस्पिटॅलिटी मार्केटिंग, फ्रेशर चालेल.' खाली कामाची यादी: रोज दोन पोस्ट, आठवड्याला तीन रील, सणावारांच्या शुभेच्छा, इन्फ्लुएन्सरशी संपर्क, रिव्ह्यूंना उत्तरं. म्हणजे बावीस वर्षांच्या मुलीला लॅपटॉप देऊन बॅक ऑफिसात बसवायचं आणि जिथं ती एक रात्रही राहिलेली नाही त्या हॉटेलच्या वतीनं जगाला आश्वासनं द्यायला सांगायचं. दोन वर्षांनी तिच्याकडे हजारभर पोस्ट असतात. पण मुलाखतीत कुणी विचारलं की मंगळवारी तुमचं हॉटेल रिकामं का राहायचं, तर ती गप्प बसते. तिला तो प्रश्न कुणी कधी विचारलेलाच नसतो. दोष तिचा नाही.

हॉटेलचं मार्केटिंग इतर वस्तूंच्या मार्केटिंगपेक्षा वेगळं आहे, हे वाक्य प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतं. वेगळं म्हणजे नेमकं काय, ते मात्र कामावर गेल्याशिवाय कळत नाही. साबणाची वडी आज विकली गेली नाही तर उद्या विकता येते. आजच्या रात्रीची रिकामी खोली उद्या विकता येत नाही, ती रात्र कायमची गेली. दुसरं असं की साबण कारखान्यात तपासून बाहेर पडतो. हॉटेलचा माल मात्र पाहुण्याच्या डोळ्यांदेखत तयार होतो आणि तो तयार करणारे हात दारवानाचे, काउंटरवरच्या मुलीचे, खोली आवरणाऱ्या बाईचे असतात. स्कँडिनेव्हियातल्या एसएएस विमान कंपनीची सूत्रं १९८१ मध्ये यान कार्लझन यांच्याकडे आली. त्यांनी याचा साधा हिशोब मांडला होता. वर्षाला सुमारे एक कोटी प्रवासी, प्रत्येकाची गाठ साधारण पाच कर्मचाऱ्यांशी, आणि प्रत्येक भेट सरासरी १५ सेकंदांची. कंपनी चांगली की वाईट हे त्या पाच कोटी छोट्या भेटींत ठरतं, मुख्यालयात ठरत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. हॉटेलला हे विमानापेक्षा जास्त लागू पडतं, कारण विमानातून माणूस दोन तासांत उतरतो आणि हॉटेलात तो झोपतो.

जाहिरातीमागे इमारत उभी असावी लागते, याचं माझं आवडतं उदाहरण एल्सवर्थ स्टॅटलर यांचं आहे. १९०८ साली त्यांनी अमेरिकेत बफेलो शहरात हॉटेल उघडलं. जाहिरातीची ओळ एवढीच होती की दीड डॉलरमध्ये खोली आणि सोबत बाथरूम. प्रत्येक खोलीला स्वतःचं बाथरूम ही त्या काळी श्रीमंतांची चैन होती. स्टॅटलर यांना ती सामान्य दरात देता आली, कारण त्यांनी दोन खोल्यांची बाथरूम पाठीला पाठ लावून बांधली आणि पाण्याचे पाइप एकाच उभ्या पोकळीतून सगळ्या मजल्यांवर नेले. त्यामुळे खर्च आवाक्यात आला. ती ओळ पाइपांच्या रचनेतून आली होती, आणि अशी रचना त्यांना सुचली याचं मला नवल वाटत नाही. तेराव्या वर्षी ते एका हॉटेलात सामान उचलणारा पोऱ्या म्हणून कामाला लागले होते. गरम पाण्यासाठी पाहुणे काय काय करतात, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं होतं.

केमन्स विल्सन यांची गोष्टही याच जातीची. ते अमेरिकेतले बांधकाम व्यावसायिक होते. १९५१ मध्ये बायको आणि पाच मुलांना घेऊन ते मोटारीनं सहलीला निघाले. वाटेतल्या मोटेलांत प्रत्येक मुलामागे जादा पैसे घेतले जात होते आणि खोल्यांचा दर्जा नशिबावर होता. पुढच्याच वर्षी त्यांनी मेम्फिसमध्ये पहिलं हॉलिडे इन उघडलं आणि आईवडिलांच्या खोलीत मुलांना जादा आकार नाही, हा नियम केला. त्या नियमाला जाहिरातकाराची गरज लागली नाही. बाप म्हणून काउंटरवर पैसे मोजताना जी चीड आली तीच त्यांनी विकायला काढली.

आजच्या काळातलं उदाहरण हवं तर लोकांची घरं पाहुण्यांना भाड्यानं मिळवून देणारी साइट एअरबीएनबी घ्या. २००९ मध्ये न्यूयॉर्कमधली बुकिंग वाढत नव्हती. संस्थापक स्वतः तिथं गेले, घरमालकांकडे राहिले, चांगल्या कॅमेऱ्यानं घरांचे फोटो काढले आणि उत्पन्न वाढलं. मार्केटिंगच्या वर्गात ही गोष्ट 'चांगल्या फोटोंची ताकद' म्हणून शिकवली जाते. मला तो धडा अपुरा वाटतो. फोटो कुणालाही पैसे देऊन काढून घेता आले असते. ते स्वतः दारोदार गेले, त्याच पलंगांवर झोपले आणि मालकांच्या तक्रारी त्यांनी समोर बसून ऐकल्या. माझ्या मते फरक तिथं पडला.

आता रिझर्व्हेशनच्या फोनाकडे येते, कारण माझ्या मते खरी शाळा तीच आहे. त्या रविवारनंतर मी जनरल मॅनेजरकडे जाऊन स्वतःहून दोन महिने रिझर्व्हेशनमध्ये बसायला मागितलं. शिक्षा म्हणून नव्हे, मला स्वतःचीच लाज वाटत होती म्हणून. पहिल्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की आम्ही जे ओरडून सांगत होतो ते कुणी विचारतच नव्हतं. आमच्या प्रत्येक पोस्टमध्ये स्विमिंग पूल असायचा. फोनवर लोक विचारायचे: पार्किंग आहे का आणि मोठी गाडी बसेल का? आईला जिना चढवत नाही, लिफ्टपासून जवळची खोली मिळेल? बाळासाठी पाळणा आहे का? सकाळी सहाला निघायचं आहे, तेव्हा नाश्ता मिळेल का? दोन पलंग वेगळे करता येतील? मी एक वही केली. डाव्या पानावर प्रश्न लिहायचे, उजव्या पानावर बुकिंग झालं की नाही आणि नाही झालं तर फोन कुठल्या वाक्यावर ठेवला गेला. दोन महिन्यांत वही भरली. सकाळी सहाच्या नाश्त्याचा प्रश्न विचारणारे जवळपास सगळे कामानिमित्त येणारे लोक होते. नाश्ता साडेसातला सुरू होतो म्हटल्यावर ते 'बघतो' म्हणून फोन ठेवायचे. आमचे मंगळवार-बुधवार रिकामे का, याचं उत्तर त्या वहीत होतं. पुढे किचननं सहा वाजता बांधून द्यायचा नाश्ता सुरू केला आणि आम्ही वेबसाइटवर तेवढी एकच ओळ घातली. त्या ओळीसाठी फोटोग्राफर लागला नाही.

त्या टेबलावर आणखी एक गोष्ट कळते. पाहुणा कोणत्या वाक्यावर घुटमळतो, दर ऐकल्यावर किती वेळ गप्प राहतो, 'नवऱ्याला विचारून सांगते' म्हणजे खरंच विचारायचं आहे की दर परवडत नाही, हे कानाला कळायला लागतं. वेबसाइटचे आकडे मांडणारं कुठलंही डॅशबोर्ड ते दाखवत नाही. तिथं फक्त एवढंच दिसतं की शंभर जण पानावर आले आणि तिघांनी बुकिंग केलं. उरलेले सत्त्याण्णव का गेले, ते फोनवर बसलेल्या माणसाला विचारावं लागतं. हॉटेलात मात्र मार्केटिंगवाले आणि रिझर्व्हेशनवाले एकमेकांना फक्त वार्षिक समारंभात भेटतात.

मग येतो आकड्यांचा भाग. इथं नवी मुलं बिचकतात, पण खरं म्हणजे यात पाचवीच्या गणितापलीकडे काही नाही. १०० खोल्यांचं हॉटेल धरा. एका रात्री ९० खोल्या ८० या दरानं गेल्या तर उत्पन्न ७,२००. दुसऱ्या रात्री ७५ खोल्या १०० या दरानं गेल्या तर ७,५००. हॉटेलच्या भाषेत सगळ्या उपलब्ध खोल्यांवर वाटून काढलेलं हे उत्पन्न, म्हणजे रेव्हपार, पहिल्या रात्री ७२ आणि दुसऱ्या रात्री ७५. 'ऑक्युपन्सी नव्वद टक्के', म्हणजे नव्वद टक्के खोल्या भरलेल्या, हे ऐकायला भारदस्त वाटतं, पण कमाई दुसऱ्या रात्रीची जास्त. शिवाय दुसऱ्या दिवशी १५ खोल्या कमी आवरायच्या, म्हणजे एका माणसाची अख्खी शिफ्ट वाचली. हाउसकीपिंगमध्ये दोन आठवडे काढलेली मुलगी हे गणित मांडताना शेवटचं वाक्य विसरणार नाही. बॅक ऑफिसात बसलेलीला ते सुचणारच नाही.

किंवा ऑनलाइन बुकिंग साइटचं कमिशन घ्या. १९९६ मध्ये नेदरलँड्समध्ये पुढे बुकिंग डॉट कॉम झालेली साइट सुरू झाली, त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं एक्स्पीडिया आणली, आणि खोली विकण्याचा धंदा बदलून गेला. या साइटचं कमिशन साधारणपणे १५ ते २५ टक्क्यांच्या दरम्यान असतं. खोलीचा दर १००, कमिशन १८, हॉटेलच्या हाती ८२. तीच खोली हॉटेलनं स्वतःच्या वेबसाइटवर दहा टक्के सवलतीत विकली तर हाती ९०. यावर बहुतेक सल्लागार थांबतात आणि 'डायरेक्ट बुकिंग वाढवा' म्हणतात. पण ते बुकिंग आणायला जाहिरातीवर १० खर्च झाले तर हाती ८० राहतात, म्हणजे साइटपेक्षा दोन कमी. आठ ही सीमारेषा आहे. जाहिरातीचं बजेट मागताना ज्या मुलीला हा आठचा आकडा सांगता येतो तिचं म्हणणं मालक ऐकून घेतो. मी हे अनेकदा पाहिलं आहे. वय, अनुभव, इंग्रजी, यांपैकी कशानंही तिथं फरक पडत नाही.

रिव्ह्यूंना उत्तरं देण्याचं काम सर्रास सगळ्यात नव्या माणसाकडे सोपवलं जातं. मला यातला निष्काळजीपणा फार खुपतो. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे मायकेल लुका यांनी २०११ मध्ये सिएटलमधल्या रेस्टॉरंटांचा अभ्यास केला. येल्प या रिव्ह्यूंच्या साइटवर एक स्टार वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं, असं त्यांना आढळलं. हा परिणाम स्वतंत्र रेस्टॉरंटांवर दिसला, साखळी रेस्टॉरंटांवर नाही. कारण उघड आहे. साखळीचं नाव लोकांना आधीच माहीत असतं, एकट्या जागेला मात्र अनोळखी माणसाच्या शब्दावर उभं राहावं लागतं. हॉटेलचा धंदा वेगळा असला तरी एकट्या जागेची गरज तीच आहे. म्हणजे लहान, स्वतंत्र हॉटेलसाठी रिव्ह्यू हे सगळ्यात महागडं पान आहे, आणि त्या पानावर लिहायला आपण कुणाला बसवतो? जिला गळका नळ कुठल्या मजल्यावर आहे ते माहीत नाही तिला. ती 'आपल्या बहुमोल अभिप्रायाबद्दल आभारी आहोत' असं लिहिते. दुसरं लिहिणार तरी काय? जिनं एक महिना काउंटरवर काढला आहे ती इंजिनिअरिंगला फोन लावते, ३०८ नंबरच्या खोलीतला नळ आज बदलला का विचारते आणि उत्तरात तेच लिहिते. रिव्ह्यू वाचणाऱ्या पुढच्या पाहुण्याला पहिल्या ओळीत फरक कळतो.

यावर लगेच येणारा आक्षेप मला माहीत आहे, आणि तो खरा आहे. 'ऑपरेशन्समध्ये, म्हणजे हॉटेल चालवण्याच्या रोजच्या कामात, एकदा गेलात की बाहेर येत नाही.' कितीतरी हॉटेलांत 'आधी थोडं खालचं काम शिका' म्हणून पदवीधरांना घेतलं जातं आणि तीन वर्षं नाइट शिफ्टला उभं केलं जातं, कारण माणसं कमी असतात आणि पदवीधर स्वस्तात मिळालेला असतो. ब्रेक शिफ्टमध्ये सकाळी चार तास, संध्याकाळी पाच तास आणि मधला वेळ कुणाच्याच कामाचा नाही. रात्री बाराला शिफ्ट संपल्यावर मुलींनी घरी कसं जायचं, याची जबाबदारी घेणारी हॉटेलं आहेत, तशी न घेणारीही आहेत. 'इंटर्नशिप' हा शब्द बिनपगारी मजुरीवर घातलेला इस्त्रीचा कोट झाला आहे. सहा महिने पगाराशिवाय काढायचे तर घरून पैसे येणाऱ्यालाच ते जमतं. शिक्षणाचं कर्ज डोक्यावर असलेली मुलगी पहिल्याच दारावर गळते. ती बहुधा तीच असते जिला पार्किंग, पाळणा, जिना हे प्रश्न स्वतःच्या घरातून माहीत असतात.

म्हणून मी 'मुलांनो, खालून सुरुवात करा' एवढंच म्हणून थांबत नाही. कष्ट करणाऱ्यालाच आणखी कष्टांचा उपदेश करणं सोपं असतं. माझी मागणी हॉटेल चालवणाऱ्यांकडे आहे. नेमणूक मार्केटिंगमध्येच करा, पगार मार्केटिंगचाच द्या. दोन महिने रिझर्व्हेशन, दोन महिने फ्रंट ऑफिस, दोन-तीन आठवडे हाउसकीपिंग, उरलेला वेळ सेल्सच्या माणसांबरोबर. परतायची तारीख पत्रात हवी आणि ती पुढे ढकलायची तर जनरल मॅनेजरची सही आणि कारण लेखी हवं. मधल्या काळात आठवड्यातला एक दिवस मार्केटिंगच्या टेबलावर हवा, म्हणजे शिकलेलं वापरता येईल आणि दुवा तुटणार नाही. उशिरा शिफ्ट संपली तर घरी सोडायला गाडी हवी. यातली एकही गोष्ट महाग नाही. त्या रविवारी लॉबीत ताटकळलेल्या कुटुंबांना आम्ही जे पैसे परत केले आणि जे फुकट खाऊ-पिऊ घातलं, त्याची बेरीज माझ्या एका महिन्याच्या पगारापेक्षा जास्त होती.

सेल्सचा उल्लेख मुद्दाम केला. पदवीधरांना 'मार्केटिंग' हवं असतं, 'सेल्स' नको असतं. सेल्स म्हणजे दारोदार फिरणं, असा समज आहे. पण मोठ्या हॉटेलांचा बराच धंदा कंपन्यांशी ठरलेले वर्षभराचे दर, परिषदा, लग्नं आणि गटांची बुकिंग यांतून येतो आणि तो रीलमधून येत नाही. परिषदेचा आयोजक जागा बघायला येतो तेव्हा सेल्सची माणसं त्याला हॉलमधून फिरवतात. त्या अर्ध्या तासात तो कुठं थांबतो, छताकडे बघतो की प्लगपॉइंटकडे, मागचं दार का उघडून बघतो, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की हॉलचं माहितीपत्रक लिहिण्याची पद्धतच बदलते. ट्रक मागच्या दारापर्यंत येतो का, हे आयोजकासाठी झुंबरापेक्षा महत्त्वाचं असतं.

हॉटेलांऐवजी मार्केटिंग एजन्सीत सुरुवात करावी का, असं पुष्कळ जण विचारतात. साधनं तिथं लवकर हाताला बसतात, हे मान्य. सर्च जाहिराती, ईमेल, ॲनालिटिक्स हे सगळं सहा महिन्यांत येतं, कारण एकाच वेळी सात-आठ हॉटेलांचं काम असतं. पण एजन्सीचं काम क्लिकवर संपतं. क्लिक करणारा आला का, त्यानं बुकिंग रद्द केलं का, की पैसे भरूनही आलाच नाही, हे एजन्सीला कळत नाही. दुसरी नोकरी म्हणून एजन्सी उत्तम. पहिली म्हणून मी सुचवणार नाही.

आणखी एक कारण आहे ज्यामुळे हा प्रश्न आता लांबवता येणार नाही. पोस्टचा मजकूर, कॅप्शन, रिव्ह्यूंची ठोकळेबाज उत्तरं हे सगळं आता यंत्र मिनिटभरात लिहून देतं. ज्या कामासाठी फ्रेशर घेतले जात होते तेच काम आधी जात आहे. रोज दोन पोस्ट लिहिण्यावर ज्याचं करिअर उभं आहे त्याची मला खरोखर काळजी वाटते. यंत्राला चांगली ओळ लिहिता येते, पण लोक सकाळी सहाच्या नाश्त्याचं विचारत आहेत हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. ते सांगणारा माणूस तयार करायचा की नाही, हा निर्णय हॉटेलांनी आता घ्यायचा आहे.

कॉलेजांनाही सूट नाही. १८९३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये लोझानला हॉटेल शिक्षणाची शाळा सुरू झाली, १९२२ मध्ये अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठानं हॉटेल व्यवस्थापनाची पदवी आणली. कॉर्नेलचे विद्यार्थी १९२६ पासून दर वर्षी एका वीकेंडला 'हॉटेल एझ्रा कॉर्नेल' या नावानं अख्खं हॉटेल स्वतः चालवतात. वर उल्लेख केलेल्या स्टॅटलर यांना सुरुवातीला अशा पदवीची गरजच वाटत नव्हती. विद्यार्थ्यांचं हे हॉटेल पाहिल्यावर त्यांचं मत बदललं आणि पुढे त्यांच्या प्रतिष्ठानानं त्या शिक्षणाला भरघोस मदत केली. शंभर वर्षांपूर्वी जे समजलं होतं ते आज मार्केटिंगची पदवी देणाऱ्या कितीतरी कॉलेजांत दिसत नाही. तिथं मुलं काल्पनिक हॉटेलसाठी काल्पनिक कॅम्पेन करतात आणि त्यावर गुण मिळवतात. स्वतःचं हॉटेल उभारायला नको. एखाद्या चालू हॉटेलशी करार करून शेवटच्या सत्रात चाळीस तास रिझर्व्हेशनचे फोन ऐकायला लावा आणि प्रबंधाऐवजी प्रश्नांची वही जमा करून घ्या. एवढं पुरेसं आहे.

आणि जे या वर्षी बाहेर पडत आहेत, ज्यांच्यासाठी हॉटेलं आणि कॉलेजं सुधारेपर्यंत थांबणं शक्य नाही, त्यांनी मुलाखतीत निदान तीन गोष्टी विचाराव्यात. सकाळच्या ब्रीफिंगला, म्हणजे सगळ्या विभागांच्या बैठकीला, मार्केटिंगचा माणूस असतो का? मला बुकिंगचे आकडे बघायला मिळतील का, की फक्त सोशल मीडियाचे? पहिल्या महिन्यात मी या हॉटेलात एक रात्र पाहुणी म्हणून राहू शकेन का? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा माणूस हसला तर ती नोकरी दुसरा पर्याय असेपर्यंत घेऊ नका. पर्याय नसेल तर घ्या, पण जेवणाच्या सुटीत रिझर्व्हेशनच्या टेबलापाशी जाऊन बसा आणि वही जवळ ठेवा. त्या टेबलावरच्या लोकांना सहसा कुणी काही विचारत नाही. विचारलं की ते भरभरून सांगतात.

हॉटेलमालकांचं शेवटचं म्हणणं ठरलेलं असतं: 'सहा महिने शिकवायचं आणि मग ती मुलं दुसरीकडे जाणार.' काही जातील, हे खरं आहे. पण या धंद्यात माणसं जातात ती शिकवल्यामुळे जातात, असं मला इतक्या वर्षांत दिसलेलं नाही. त्या वर्षी माझ्यासह तीन जण लागले होते. दोघं आठ महिन्यांत सोडून गेले, दोघंही पोस्ट टाकत होते. मी पाच वर्षं राहिले. त्या रविवारी काउंटरवर माफी मागत उभी असलेली मुलगी पुढे माझ्याच विभागात आली, आणि लवकर चेक-इनची ऑफर तिनंच नव्यानं लिहिली: सोमवार ते गुरुवार, आदल्या दिवशी फोन करून विचारल्यास, खोली तयार असेल तर. ऑफर छापायला जाण्याआधी त्या कागदावर हाउसकीपिंगच्या सुपरवायझरची सही होती.